पाटल्या राहू द्या, आधी कान तयार करा

वाचकाचं पत्र : मी नाशिकच्या इंदिरानगरला राहते, वय ३४, बी.एस्सी. (प्राणिशास्त्र). पाच वर्षं एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करत होते. मुलगी झाली, पाठोपाठ सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला आणि काम सुटलं. मिस्टर अंबडला कंपनीत आहेत, एका पगारात भागवताना ओढाताण होते. घरी बसून मेडिकल ट्रान्सक्रिप्शन, म्हणजे डॉक्टरांचं रेकॉर्ड केलेलं बोलणं ऐकून रिपोर्ट टाइप करायचं काम, करावं असं मनात आहे. एका क्लासने सहा महिन्यांचे ५५ हजार सांगितलेत. 'शंभर टक्के प्लेसमेंट' म्हणतात, आणि चार दिवसांत भरले तर पाच हजार सूट. आईने दिलेल्या पाटल्या गहाण ठेवायचा विचार करतेय. भरू का पैसे? आणि क्लास सुरू होण्याआधी घरी काय तयारी करू?

ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न वाचून मला फार बरं वाटलं. फी भरू का, हे पुष्कळ जणी विचारतात. त्याआधी घरी काय करू, हे सहसा कोणी विचारत नाही. आणि या कामात कोण टिकतं ते बरंचसं त्या तयारीवरच ठरतं. म्हणून पाटल्यांचं उत्तर लगेच देऊन टाकते. आज गहाण ठेवू नका. चार दिवसांच्या सवलतीसाठी तर मुळीच नाही. जो क्लास तुम्हाला विचार करायला आठवडाभर देत नाही, तो पुढे शिकवायला धीर कुठून आणणार?

हे मी ठेच लागून सांगते आहे. २००१ साली मीही असाच एक क्लास लावला होता. तेव्हा मेडिकल ट्रान्सक्रिप्शनची मोठी हवा होती. इंग्रजी बरं असलेल्या प्रत्येक मुलीला कोणी ना कोणी सांगायचं की हे शीक, डॉलरमध्ये कमावशील. वडिलांनी मुदत ठेव मोडून फी भरली. चौथ्या महिन्यात एका सोमवारी गेले तर दाराला कुलूप आणि जिन्यात आम्ही दहा-बारा मुली. पैसे गेले ते गेलेच. पण पुढे दुसरीकडे खरं काम सुरू केल्यावर त्याहून जास्त बोचलं ते वेगळंच. त्या चार महिन्यांत आम्हाला खऱ्या डॉक्टरच्या आवाजातली एकही फाइल ऐकवली नव्हती. सर पुस्तकातून वाचून दाखवायचे, सावकाश, स्वच्छ, प्रत्येक शब्द सुटा करून, आणि आम्ही टाइप करायचो. तसं बोलणारा डॉक्टर मला पुढच्या सोळा वर्षांत भेटला नाही.

खरी फाइल कशी असते ते ऐका. अमेरिकेतला डॉक्टर राउंड संपवून कॉरिडॉरमध्ये उभा असतो, फोनवर बोलत असतो, मागे ट्रॉली खडखडत जाते, मध्येच कोणीतरी त्याला हाक मारतं, तो उत्तर देतो आणि परत वाक्य पकडतो, पण अर्ध्यातून. कधी तोंडात घास असतो. कधी पेशंटचं वय आधी ४२ सांगतो, खाली ५२. आणि तो अमेरिकन असेलच असंही नाही. तेलुगू, फिलिपिनो, नायजेरियन, स्पॅनिश वळणाचं इंग्रजी बोलणारे डॉक्टर तिथे भरपूर आहेत. त्यांचं बोलणं ऐकून तुम्ही डिस्चार्ज समरी, ऑपरेशनचा रिपोर्ट, पहिल्या तपासणीची नोंद, एक्सरे-एमआरआयचा निष्कर्ष असं जे असेल ते ठरलेल्या साच्यात लिहायचं. मोबदला बहुतेक ठिकाणी ओळीवर मिळतो आणि ओळ म्हणजे मोकळ्या जागा धरून ६५ अक्षरं. लॅबमध्ये तुम्ही छापील फॉर्ममध्ये आकडे भरत होतात. इथे समोर कोरं पान असतं.

हल्ली ते पानही कोरं राहिलेलं नाही, आणि यावर मी जरा थांबणार आहे, कारण क्लासवाले हे सांगत नाहीत. डॉक्टरचं बोलणं ऐकून मसुदा आता बहुतेकदा यंत्रच तयार करतं. ड्रॅगन हे बोललेलं टाइप करणारं सॉफ्टवेअर तिकडच्या दवाखान्यांत वर्षानुवर्षं वापरात आहे. ते बनवणारी न्युआन्स कंपनी २०२२ साली मायक्रोसॉफ्टने विकत घेतली. त्यापुढची पायरी म्हणजे डॉक्टर आणि पेशंट यांचं बोलणं खोलीतच ऐकून नोंद तयार करणारी अॅप्स, आणि तीही आता आली आहेत. त्यामुळे कोऱ्या पानावर टाइप करण्याचं काम आटलं आहे. अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी खात्याचा अंदाजही या नोकऱ्या घटत जातील असाच आहे. जे काम उरलं आहे त्यात मोठा वाटा एडिटिंगचा आहे: आवाज ऐकत यंत्राच्या मसुद्यातल्या चुका काढायच्या. त्याचा दर टायपिंगपेक्षा बराच कमी असतो. म्हणजे 'टायपिंग येतं, मग झालं' हा हिशेब आज चालत नाही.

मग हे काम शिकूच नये का? तसं मला म्हणायचं नाही. यंत्राची चूक पकडणारा कान अजून लागतो. पण तो कान तुमच्याकडे आहे का, हे पैसे भरण्याआधी घरच्या घरी, फुकट कळू शकतं.

एक उदाहरण देते, मला अजून तोंडपाठ आहे. डॉक्टर म्हणतो, 'पेशंट इज एफेब्राइल.' एफेब्राइल हा एकच शब्द, अर्थ 'ताप नाही'. तोच आवाज तोडून 'ए फेब्राइल' असा लिहिला की अर्थ होतो 'ताप असलेला'. कानाला फरक जवळजवळ नाही, कागदावर पेशंट उलटा. मग ठरवायचं कसं? वर दोन ओळी जायचं, तापमान काय लिहिलंय ते बघायचं. ९८.४ असेल तर ताप नाही. असेच 'नॉट' आणि 'नाउ', 'हायपो' आणि 'हायपर', 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी'. 'इलियम' तर दोन आहेत. आय-एल-ई-यू-एम म्हणजे लहान आतड्याचा शेवटचा भाग, आय-एल-आय-यू-एम म्हणजे कमरेचं हाड. उच्चार एकच, म्हणून पोटाचं ऑपरेशन चाललंय की हिप बदलताहेत हे तुम्हालाच माहीत हवं. रिपोर्टमध्ये वर डावा गुडघा आणि खाली उजवा आला तर तिथे थांबायचं. यंत्र थांबत नाही. ते चुकीचा शब्दही अगदी शुद्धलेखनासकट, डौलात लिहून ठेवतं, आणि डोळा त्याला भुलतो. म्हणून एडिटिंग सोपं असतं असं कोणी म्हणालं तर मान्य करू नका. कोऱ्या पानावर मन जागं असतं, समोर लिहिलेलं असलं की ते पेंगतं.

आणि दोनदा, पाचदा ऐकूनही शब्द कळला नाही तर? तर रिकामी जागा सोडायची. आम्ही त्याला ब्लँक म्हणतो. ब्लँक सोडून त्यापुढे तो शब्द आवाजात कितव्या मिनिटाला येतो ती वेळ लिहायची, म्हणजे फाइल तपासणारा नेमका तिथे जाऊन ऐकेल. नवीन मुलींना ब्लँक म्हणजे नापास झाल्यासारखं वाटतं, मग त्या जवळचा शब्द ठोकून देतात. माझ्या पहिल्याच आठवड्यात मी एका औषधाचं नाव असंच अंदाजाने लिहिलं होतं. फाइल तपासणाऱ्या बाईंनी ती परत पाठवली आणि फोन करून शांतपणे म्हणाल्या, "तू ब्लँक ठेवलं असतंस तर डॉक्टरने भरलं असतं. तू लिहिलंस, म्हणून कोणी बघितलं नसतं." त्या दिवशी मी रडले. पण त्यानंतर औषधाचं नाव मी कधीच अंदाजाने लिहिलं नाही.

आता तुमची तयारी. तीन महिने द्या, रोज दीड तास. सासूबाई दुपारी झोपतात आणि मुलगी शाळेत असते ती वेळ धरा.

पहिला अर्धा तास फक्त कानासाठी. यूट्यूबवर अमेरिकेतल्या वैद्यकीय कॉलेजांची व्याख्यानं भरपूर आहेत. सबटायटल बंद करा, तीन मिनिटं ऐका आणि शब्दन् शब्द टाइप करा. मग सबटायटल चालू करून ताडून बघा. सबटायटलही यंत्राचीच असतात आणि चुकतात. ती चूक तुमच्या लक्षात आली की समजा, तुम्ही एडिटिंगच शिकत आहात. एक दोनशे पानी वही घ्या आणि रोज तारीख, किती मिनिटं ऐकलं, किती वेळ लागला, किती ब्लँक राहिले आणि किती शब्द चुकीचे निघाले एवढंच लिहा. वही खोटं बोलत नाही. सुरुवातीला माझी दहा मिनिटांची फाइल दीड तास खायची, वर्षाने तीच चाळीस मिनिटांवर आली. तुमचा आकडा पहिल्या आठवड्यात वाईटच असेल. तो महिन्याभरात हलतोय का ते बघायचं. आणि दर आठवड्याला बोलणारा बदला, एकाच आवाजाची सवय लावून घेऊ नका.

शब्दांच्या बाबतीत तुम्ही चार पावलं पुढे आहात. बी.एस्सी.ला प्राण्यांची शरीररचना शिकलात, यकृत, प्लीहा, जठर तुमच्या ओळखीचे आहेत. वैद्यकीय शब्द पाठ करायचे नसतात, फोडायचे असतात. 'नेफ्रो' म्हणजे मूत्रपिंड. त्याला 'एक्टमी' लागलं की काढून टाकणं, 'ऑटमी' लागलं की छेद देणं, 'ऑस्टमी' लागलं की बाहेर वाट काढून देणं. मूत्रपिंड तेच, ऑपरेशनं तीन, आणि कानाला फरक एखाद्या अक्षराचा. असे दीडशे-दोनशे तुकडे आले की हजारो शब्द आपोआप उलगडतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाच्या मेडलाइनप्लस या साइटवर हे तुकडे शिकवणारा पाठ फुकट आहे. एमटीसॅम्पल्स नावाच्या साइटवर तयार रिपोर्टचे हजारो नमुने आहेत, तेही फुकट. रोज एक नमुना मोठ्याने वाचा. वाचलेला शब्दच कान पकडतो, कधीही न पाहिलेला शब्द कितीदा ऐकला तरी तो नुसता आवाजच राहतो. शरीररचनेसाठी महागडं पुस्तक नको. नाशकात नर्सिंगची कॉलेजं बरीच आहेत, पहिल्या वर्षाची वापरलेली पुस्तकं त्या मुलींकडून मिळतील.

औषधांची नावं वेगळ्या पानावर लिहा आणि सारखी ऐकू येणारी शेजारी-शेजारी लिहा. हायड्रॅलझिन रक्तदाबाचं, हायड्रॉक्सिझिन अॅलर्जीचं. लॅमिक्टल फिट्सचं, लॅमिसिल बुरशीचं. आकड्यांचीही शिस्त असते. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने काही लघुरूपं आणि सवयी चक्क बंद केल्या आहेत. पाच मिलिग्रॅम हे ५.० असं लिहायचं नाही, टिंब दिसलं नाही तर ५० होतात. अर्धा मिलिग्रॅम नुसता .५ नाही, तर ०.५ असा लिहायचा. या गोष्टी लॅबमध्ये काम केलेल्या बाईला पटकन पटतील.

टायपिंगचं फार लिहीत नाही. शासनाच्या संगणक टायपिंग परीक्षेत इंग्रजीच्या एका पातळीला मिनिटाला ४० शब्दांचा वेग लागतो. तो कीबोर्डकडे न बघता येत असेल तर सुरुवातीला पुरे, पन्नासच्या पुढे गेलात तर हात कानाच्या मागे पडत नाही. आकड्यांची ओळही न बघता यायला हवी, त्यात पुष्कळ जणी अडतात. एक्सप्रेस स्क्राइब नावाचं सॉफ्टवेअर घ्या, त्यात आवाज मागे-पुढे, हळू-जलद करता येतो. पायाने चालवायचं पेडल पुढे लागेल, आत्ता घेऊ नका. नेहमी येणारी लांब वाक्यं दोन-तीन अक्षरांत उमटवायची सोय वर्डच्या ऑटोकरेक्टमध्येच आहे, ती मात्र आजपासून वापरा. ओळीवर पैसे मिळतात तिथे हीच खरी बचत. खुर्ची मात्र नीट बघा. जेवणाच्या टेबलाची खुर्ची दोन महिन्यांत मान धरते, मला ती दुखणी अजून आहेत.

आता घराबद्दल, जरा स्पष्टच. घरी बसून काम म्हणजे घरकाम सांभाळून होणारं काम, असं जाहिरातीत भासवतात. ताई, कानात हेडफोन असताना सासूबाईंची हाक ऐकू येत नाही. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजतात तेव्हा हिवाळ्यात न्यूयॉर्कला सकाळचे नऊ होतात, म्हणजे तिकडचा दिवस हा आपली रात्र. फाइल ठरलेल्या तासांत परत द्यावी लागते, तातडीची असेल तर दोन-चार तासांतच. सासूबाईंना रात्री कुशीवर वळवायला उठावं लागत असेल, तर ते कोण करणार हे मिस्टरांशी आधी बोलून घ्या. 'मी जमवेन' असं मनात म्हणू नका, ते जमत नाही. पावसाळ्यात वीज गेली की फाइल अडते, म्हणून इन्व्हर्टर असेल तर राउटरही त्यावर घ्या.

आणि दार बंद होणारी जागा हवी. त्या रिपोर्टमध्ये कोणाचा तरी आजार असतो. अमेरिकेत रुग्णांची माहिती जपणारा हिपा नावाचा १९९६ सालचा कायदा आहे, आपल्याकडेही २०२३ साली वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला. पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं: स्क्रीन दाराकडे तोंड करून ठेवायची नाही, भिंतीकडे पाठ करून बसायचं. शब्द कळला नाही म्हणून आवाजाचा तुकडा मैत्रिणींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचा नाही. कुठल्या फुकट एआय साइटवर रिपोर्ट चिकटवायचा नाही. नवीन मुली नकळत हे करतात आणि काम जातं.

तीन महिन्यांनी वही चांगली बोलायला लागली, तर मग क्लास बघा. जाऊन एक तास बसू द्या म्हणा. खऱ्या डिक्टेशनचा सराव किती तास देता ते विचारा, तास आकड्यात सांगायला लावा. यंत्राचा मसुदा एडिट करायला शिकवता का? शिकवणारी व्यक्ती आज स्वतः हे काम करते का? मागच्या बॅचमधल्या दोघींचे फोन द्या, मी बोलते, म्हणा. फी हप्त्याने घ्याल का, आणि क्लास मध्येच बंद पडला तर परतावा काय, ते कागदावर लिहून मागा. 'शंभर टक्के प्लेसमेंट' हेही लिहून द्या म्हणा आणि त्यांचा चेहरा बघा. क्लासच्या सर्टिफिकेटने काम मिळत नाही हेही ध्यानात असू द्या, कंपन्या स्वतःची परीक्षा घेतात आणि तुमची टाइप केलेली फाइल बघतात.

एका गोष्टीपासून जपा. काम देण्यासाठी नोंदणीचे किंवा डिपॉझिटचे पैसे मागणारा माणूस काम देणारा नसतो. काही टोळ्या आधी टायपिंगचं काम देतात, मग 'अचूकता कमी पडली, करार मोडला' म्हणून वकिलाची नोटीस पाठवून घाबरवतात आणि पैसे काढतात. असं झालं तर एक पैसाही न देता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

आणखी एक वाट तुमच्या घरापासून फार लांब नाही. मुंबई नाक्यापासून गंगापूर रोडपर्यंत रुग्णालयं आणि सोनोग्राफी-एमआरआयची सेंटरं आहेत. तिथेही डिस्चार्ज समरी लागते, रेडिओलॉजिस्टचे रिपोर्ट टाइप करावे लागतात, आणि एनएबीएच या रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेची मान्यता असलेल्या रुग्णालयांना कागदपत्रं नीट ठेवावीच लागतात. तुमच्या जुन्या लॅबच्या डॉक्टरांना आधी भेटा. त्यांच्या ओळखीच्या एखाद्या रेडिओलॉजिस्टला रोजचे आठ-दहा रिपोर्ट घरून टाइप करून हवे असतील. पैसे डॉलरसारखे नसतील, पण काम दिवसाचं असेल, आवाज आपल्याकडचा असेल आणि चूक झाली तर डॉक्टर समोर बसून समजावतील. मला हा क्लासपेक्षा चांगला क्लास वाटतो. हे करता करता कान तयार झाला, तर पुढे परदेशी काम, व्हर्च्युअल स्क्राइबचं काम (डॉक्टर पेशंट तपासत असताना दुरून ऐकून नोंद करणं) किंवा मेडिकल कोडिंग (आजार-उपचारांना बिलासाठी ठरलेले कोड देणं) यांतलं काय जमेल ते तुम्हालाच दिसू लागेल. मात्र सहा महिन्यांत घरखर्चाला हातभार लागलाच पाहिजे अशी निकड असेल, तर केवळ ट्रान्सक्रिप्शनवर विसंबू नका. हे मी तुम्हाला गोड शब्दांत सांगू शकत नाही.

पाटल्या कपाटात ठेवा आणि उद्या दुपारी वही आणा. पहिल्या दिवशी तीन मिनिटांत किती ब्लँक आले आणि नव्वदाव्या दिवशी किती, एवढे दोन आकडे मला कळवा. क्लास लावायचा की नाही, ते आपण त्यावर ठरवू.